मानसशास्त्र घ्यायचंय? आधी प्रयोगशाळा बघून या!

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय सुरू होतो. पुढं काय? सायन्सच्या मुलांचं एक बरं असतं. नीट आहे, सीईटी आहे, कॅप राउंड आहेत. सगळं कुटुंब त्या रांगेत उभं राहतं. आर्ट्सच्या मुलींची मात्र फारशी चौकशी होत नाही. ‘जवळच्या कॉलेजात नाव घालून टाकू, पदवी झाली म्हणजे झालं’, एवढ्यावर विषय मिटतो. निम्म्या घरांत तर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘तोवर स्थळं बघू.’

पण मैत्रिणींनो, गेल्या काही वर्षांत एक बदल मला दिसतोय. पैठण, सिल्लोड, वैजापूर, कन्नडकडच्या मुली स्वतःहून सांगतात, ‘मला सायकॉलॉजी घ्यायचंय.’ कुणी मालिका बघून म्हणते, कुणी मोबाइलवर काहीतरी ऐकून. पण काही जणींनी घरातच काहीतरी पाहिलेलं असतं, सोसलेलं असतं. काका गप्प गप्प होत गेले आणि एक दिवस त्यांनी फवारणीचं औषध घेतलं. बाळंतपणानंतर बहीण बदलून गेली आणि सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय. या मुलींना हे असं का होतं ते समजून घ्यायचं असतं.

आणि आईबाप काय म्हणतात? ‘ते वेड्यांचं शास्त्र शिकून काय करणार?’ किंवा मग दुसरं टोक, ‘घे बाई, सोपा विषय आहे, मार्क पडतात.’ दोन्ही चूक. हा विषय वेड्यांचा नाही आणि सोपाही नाही. त्याचा कणा आहे प्रयोग. म्हणून कॉलेज निवडताना इमारत, गेट आणि गणवेश बघण्याआधी एक गोष्ट बघा, मानसशास्त्राची प्रयोगशाळा.

मनाचा प्रयोग? तो कसा काय?

आपल्याला प्रयोगशाळा म्हटलं की परीक्षानळ्या आणि बेडूक आठवतात. मनाचा प्रयोग तर स्वयंपाकघरातही करता येतो. करून बघा. किराण्याच्या बारा वस्तूंची यादी करा. जावेला किंवा मुलीला समोर बसवा आणि एका संथ लयीत यादी वाचून दाखवा. गूळ, मीठ, रवा, हळद... वाचून झालं की लगेच विचारा, काय काय आठवतं? बहुतेक वेळा सुरुवातीची दोन-तीन नावं आठवतात, शेवटची दोन-तीन आठवतात आणि मधली गळतात. दुकानातून नेमकं मधलंच काहीतरी आणायचं का राहतं, हे आता लक्षात आलं ना?

दुसरा प्रयोग. कागदावर हिरव्या पेनानं ‘लाल’ असं लिहा, लाल पेनानं ‘निळा’ लिहा, निळ्यानं ‘हिरवा’ लिहा. अशा चार-पाच ओळी करा. आता समोरच्याला सांगा, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. बघा कशी जीभ अडखळते! वाचायची सवय इतकी मुरलेली असते की ‘वाचू नको’ म्हटलं तरी डोळा वाचतोच. जॉन स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. आजही तो जगभरच्या प्रयोगशाळांत केला जातो.

घरचा प्रयोग गंमत म्हणून होतो, कॉलेजातला शिस्तीनं करावा लागतो. समजा, टीव्ही चालू असताना मुलगी कमी पाठ करते का, हे बघायचंय. सकाळी शांततेत एक धडा दिला आणि रात्री टीव्ही लावून दुसरा दिला. रात्री कमी पाठ झालं. मग दोष टीव्हीचा? की मुलगी रात्री दमलेली होती? की दुसरा धडाच अवघड होता? सांगता येणार नाही. वेळ तीच, धड्याचा अवघडपणा तोच आणि फरक फक्त टीव्हीचा, असं केलं तरच उत्तर खरं. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या धरून ठेवायच्या आणि परिणाम मोजायचा. प्रायोगिक मानसशास्त्राचा गाभा तो एवढाच.

आता हाच विचार जरा घरी आणा. ‘अमक्या बाबाचा ताईत बांधला आणि पोरगं बरं झालं.’ ताईत बांधला नसता तरी ते बरं झालं असतं का? त्याच वेळी डॉक्टरांचं औषधही चालू होतं का? ज्यांनी ताईत बांधला आणि पोरगं बरं झालं नाही, ते हे सांगायला येतात का? ज्या मुलीनं दोन-तीन वर्षं नीट प्रॅक्टिकल केलंय, तिच्या तोंडून हे प्रश्न आपोआप येतात.

जर्मनीहून कोलकात्याला, तिथून पुण्याला

हे शास्त्र फार जुनं नाही. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तिथून या विषयाचा जन्म मानतात. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८५ मध्ये, हर्मन एबिंगहाउस यांचं स्मरणावरचं पुस्तक आलं. या गृहस्थांनी सगळे प्रयोग स्वतःवरच केले. अर्थ नसलेली अक्षरं जुळवायची, म्हणजे आपल्याकडे ‘टगल’, ‘कबम’ असं म्हणू या, ती पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरलं ते मोजायचं. शिकल्यानंतर पहिल्या काही तासांतच बरंचसं विसरलं जातं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी दाखवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री एकदाच घोकण्यापेक्षा थोडं थोडं करून पुन्हा पुन्हा वाचावं, या आईच्या सांगण्याला तिथं आधार मिळाला.

या इतिहासात आपल्याला लक्षात ठेवावी अशी एक बाई आहे, मेरी कॅल्किन्स. अमेरिकेतल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात तिनं १८९१ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. हार्वर्ड विद्यापीठात जाऊन डॉक्टरेटचं सगळं काम पूर्ण केलं. शिक्षकांनी शिफारस केली, तरी ती बाई आहे म्हणून हार्वर्डनं पदवी दिली नाही! पण १९०५ साली तीच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. दोन-दोन शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन स्मरण मोजायची जी पद्धत तिनं काढली, ती आजही मुलींच्या जर्नलमध्ये असते.

कॅल्किन्सला हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्यांपैकी एक होते ह्यूगो म्युन्स्टरबर्ग. त्यांच्याच हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कोलकाता विद्यापीठातल्या प्रायोगिक मानसशास्त्र विभागाची धुरा घेतली. साल होतं १९१६. आपल्या देशातली ही सुरुवात.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात १९५० साली विभाग सुरू झाला, तोही ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ याच नावानं. प्रा. व्ही. के. कोठुरकर यांनी तो घडवला. आज तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग म्हणून ओळखला जातो. कोठुरकर आणि श्यामला वनारसे यांचं प्रायोगिक मानसशास्त्रावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक १९८६ मध्ये निघालं. कॉलेजच्या ग्रंथालयात गेलात तर ते आहे का, जरूर विचारा.

आणि आपला मराठवाडा? १९५८ पर्यंत आपल्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं. इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ मध्ये त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. आज औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या त्या परिसरात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. आपल्या आज्यांना जे शिकायला परगावी, परमुलखात जावं लागलं असतं, ते आता एसटीच्या अंतरावर आहे. प्रश्न एवढाच की ते नीट शिकवलं जातं का?

नावाच्या मागं धावू नका

काही पालक विचारतात, ‘प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी कुठल्या कॉलेजात मिळते?’ या नावाची वेगळी बी.ए. शोधत बसू नका. आपल्याकडे मुलगी बी.ए. मानसशास्त्र करते आणि प्रायोगिक मानसशास्त्र हा त्यातला पेपर असतो, सोबत प्रॅक्टिकल असतं. पुढं एम.ए.ला ते आणखी खोलात येतं.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर आणि मायनर अशी रचना आली आहे. मानसशास्त्र मायनर म्हणून मिळणं वेगळं आणि मेजर म्हणून मिळणं वेगळं. पुढं एम.ए. करायचं असेल तर मानसशास्त्र मेजर असलेलं केव्हाही चांगलं. कॉलेजात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर मिळेल का?’ पहिल्या वर्षाला विषय आहे आणि पुढं ‘मुली कमी आल्या म्हणून बंद’, असंही होतं. मग मुलीला नाइलाजानं दुसरा विषय घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न चौथ्या वर्षाचा. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षाचं असू शकतं. पण सगळ्याच कॉलेजांत चौथं वर्ष असतं असं नाही. आधीच विचारलेलं बरं.

गंगापूरच्या मायलेकी

गेल्या वर्षी गंगापूर तालुक्यातली एक बाई लेकीला घेऊन आली. दोन-अडीच एकर कापूस, घरात सासू, दोन मुलं. मुलीला बारावी आर्ट्सला चांगले मार्क. मुलीच्या मामानं तीन वर्षांपूर्वी जीव दिला होता. ‘ताई, हिला मानसशास्त्रच घ्यायचंय म्हणती. हिचा बाप म्हणतो, पुण्याला काही पाठवणार नाही. काय करावं?’

मी म्हटलं, वहिनी, आधी इथली कॉलेजं तर बघू. दोन दिवस आम्ही तिघी फिरलो.

पहिल्या कॉलेजात शिक्षक बोलायला गोड. माहितीपुस्तक छापील, रंगीत. मी म्हटलं, प्रयोगशाळा दाखवता का? एका वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडं आणि शिपाई रजेवर. मुलीनं तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला हळूच विचारलं, ‘तुम्ही प्रयोग करता ना?’ ती म्हणाली, ‘जर्नल मागच्या वर्षीच्या मुलींचं असतं ना, ते उतरवून काढायचं.’

दुसरं कॉलेज जुनं, भिंतींना पोपडे. पण मॅडम आम्हाला थेट आत घेऊन गेल्या. लाकडी टेबलं, प्रत्येक टेबलावर काहीतरी मांडलेलं. मॅडमनी मुलीला नाही, आईलाच बसवलं! समोर आरसा, मध्ये आडोसा. हात सरळ दिसत नाही, आरशातच दिसतो. कागदावर चांदणी छापलेली, तिच्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आमच्या वहिनी कापूस वेचणाऱ्या, हात चपळ. पण पेन्सिल जायची उजवीकडं न् हात ओढायचा डावीकडं. पहिल्या फेरीत कितीतरी वेळा रेषेबाहेर गेल्या, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मॅडम शांतपणे वेळ आणि चुका लिहीत होत्या. पाचव्या फेरीपर्यंत वेळ निम्म्यावर आला, चुका बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. मॅडमनी लगेच आलेख काढून दाखवला. ‘बघा मावशी, तुमचं शिकणं असं खाली उतरत गेलं. हात चुकत होता तरी तुम्ही शिकत होता.’

वहिनी त्या कागदाकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘म्हंजी माझ्यासारखीला बी शिकता येतं, हे मोजून दिसतंय की.’

मुलीचा प्रवेश त्याच कॉलेजात झाला. वडिलांना पटवायला आठ दिवस लागले, पण त्यांना कुणाच्या भाषणानं पटलं नाही. बायकोनं तो आलेखाचा कागद घडी करून घरी नेला होता. त्यांनी तो दोन-तीनदा उलगडून पाहिला आणि म्हणाले, ‘रोज येऊन-जाऊन करणार असंल तर करू दे.’

काय काय बघायचं?

या दोन दिवसांतून आणि त्याआधी-नंतरच्या चकरांतून मी जी यादी केलीय, ती इथं देते. कापून ठेवा, मुलीच्या फाइलमध्ये लावा.

१. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. स्मरणाचं ढोल म्हणजे मेमरी ड्रम, प्रतिक्रियाकाल मोजायचं यंत्र, आरसा-रेखनाचा संच, बोटानं सोडवायचं भूलभुलैयाचं पाट, लांबीचा भास मोजायची म्युलर-लायर पट्टी, बुद्धिमत्तेच्या कृती-चाचण्या. सगळं नसेल तरी चालेल. जे आहे ते वापरात आहे का, हे बघा. धूळ खोटं बोलत नाही! आता बरेच प्रयोग संगणकावरही होतात. संगणक असेल तर तो चालू करून दाखवायला सांगा.

२. एका बॅचला किती मुली? चार यंत्रं आणि पन्नास मुली असतील तर प्रयोग दोघी-तिघीच करणार, बाकीच्या उतरवून घेणार.

३. जर्नल बघायला मागा. दोन-तीन मुलींची जर्नलं शेजारी ठेवा. सगळ्यांची उत्तरं, आकडे अगदी एकसारखे असतील तर ते प्रयोग झालेलेच नाहीत. दोन माणसांचं मन कधी एकसारखं आकडे देत नसतं.

४. संख्याशास्त्र कोण शिकवतं? सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध याशिवाय प्रायोगिक मानसशास्त्र पुढं सरकत नाही. आर्ट्सच्या मुली गणिताला भितात, म्हणून काही ठिकाणी हा भाग ‘गाइडमधून करा’ म्हणून सोडून देतात. जिथं तो फळ्यावर शिकवतात ते कॉलेज चांगलं.

५. शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? तासिकावाले शिक्षक वाईट असतात असं मुळीच नाही, कित्येक जण जीव ओतून शिकवतात. पण विभागात एकही कायम शिक्षक नसेल तर पुढच्या वर्षी तो विभाग कोण सांभाळणार, हे विचारायला हवं.

६. भाषा. शिकवणं मराठीतून आहे का, परीक्षा मराठीतून देता येते का? आपल्या मुली मराठीतून विषय पक्का समजून घेतात आणि इंग्रजी संज्ञा सोबत शिकत जातात, हीच वाट बरी. पण जिथं एकही इंग्रजी पुस्तक उघडलं जात नाही, तिथं पुढं एम.ए.ला मुलगी अडते. ग्रंथालयात दोन्ही भाषांतली पुस्तकं हवीत.

७. फी. प्रवेश फी, प्रॅक्टिकलची फी, परीक्षा फी असं सगळं वेगवेगळं लिहून मागा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे निकालाच्या आधीच तयार ठेवा. एक गैरसमज दूर करते. मुलींना पूर्ण फीमाफीचा जो निर्णय २०२४ मध्ये झाला, तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ‘मुलींचं सगळंच फुकट आहे’, असं समजून बी.ए.ला जाऊ नका.

आणि हो, हे सगळं विचारताना लाजू नका. साडी घेताना आपण दहा साड्या उलगडून बघतो, पदराचा धागा तपासतो. मग मुलीची तीन-चार वर्षं देताना कपाट उघडायला सांगितलं तर काय बिघडलं?

इथंच की पुण्याला?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पुण्यात जुनी कॉलेजं आहेत, १९६२ पासून काम करणारी ज्ञान प्रबोधिनी आहे. तिचे संस्थापक अप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक, आणि तिथल्या प्रज्ञा मानस संशोधिकेत चाचण्यांचं, संशोधनाचं काम चालतं. मुंबई विद्यापीठात १९५९ पासून उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. तिथलं वातावरण वेगळं, हे मान्यच.

पण माझं मत विचाराल तर पदवीसाठी पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यातलं चांगलं कॉलेज शोधा. कारण नुसतं पैशाचं नाही. सतरा-अठराव्या वर्षी खोली, मेस, शहर आणि नवा विषय सगळं एकदम अंगावर घेणं प्रत्येकीला झेपत नाही. इथं राहून तीन वर्षं पाया पक्का केला, तर एम.ए.साठी पुण्या-मुंबईची प्रवेश परीक्षा देता येते. तेव्हा मुलगी एकवीस वर्षांची असते आणि बापाचाही धीर वाढलेला असतो. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांना मासिक पास आहे. गावाहून येऊन-जाऊन शिकणं त्यामुळं पुष्कळ मुलींना परवडू लागलंय.

मात्र आपल्या जवळच्या कॉलेजात प्रयोगशाळा नसेल, मेजर नसेल, तर केवळ ‘नजरेसमोर राहील’ म्हणून तिथं घालू नका. मग जिल्ह्याच्या गावी वसतिगृह बघा, नातेवाईक बघा. नजरेसमोर राहून मुलीची तीन वर्षं वाया गेली तर ती परत येत नाहीत.

पुढं काय? खरं खरं

इथं जरा स्पष्ट बोलते. बी.ए. झालं की मुलगी समुपदेशक होत नाही. तीन महिन्यांचा कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणूनही होत नाही. अशा जाहिराती खूप येतात, त्यांना भुलू नका. दुसऱ्याच्या मनाशी खेळ आहे तो.

मनोरुग्णांवर काम करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वाट लांब आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये जी व्याख्या आहे, त्यानुसार एम.ए. आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. बंद करायचं ठरवल्यामुळं या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. म्हणून त्या टप्प्यावर पोचाल तेव्हा परिषदेची मान्यता स्वतः तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

पण क्लिनिकल ही एकच वाट नाही. ज्या मुलीला प्रयोग करता येतो, मोजता येतं, आकडे वाचता येतात, तिला इतर दारं आहेत. एम.ए. आणि नेट किंवा सेट करून प्राध्यापक होता येतं. शाळांत, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात, संशोधन संस्थांत काम असतं. रेल्वेत चालक घेताना त्यांची लक्ष देण्याची, चटकन ओळखण्याची क्षमता तपासणाऱ्या चाचण्या घेतात. त्या लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेतले मानसशास्त्राचे जाणकार तयार करतात. आपल्या मनमाड-परभणी मार्गावर गाडी सुखरूप येते, त्यात या शास्त्राचाही वाटा असतो, हे कुणाच्या डोक्यात तरी येतं का?

आपल्यापैकी काही जणींसाठी

लेकीचं बघता बघता अनेकींच्या मनात येतं, ‘आपणही एम.ए. करावं का? घरबसल्या, पत्रानं?’ पूर्वी ही सोय होती आणि कितीतरी गृहिणींनी तिचा लाभ घेतला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं की मानसशास्त्रासारखे आरोग्यसेवेशी जोडलेले विषय मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायचे नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासूनच नवे प्रवेश थांबवायचे ठरले. आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली जो कायदा झाला, त्यात हा विषय येतो म्हणून हा निर्णय. तेव्हा कुणी ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ विकत असेल तर सावध व्हा.

घरच्या बाईला याचा फटका बसतो, हे खरं आहे आणि मला त्याची खंत वाटते. ज्यांना पन्नास किलोमीटरवर कॉलेजात रोज जाणं शक्य नाही, त्यांनी काय करायचं? पण दुसरी बाजूही आहे. कपाट न उघडता कॉलेजात शिकणं जसं फसवं, तसंच प्रयोग न करता पत्रानं शिकणंही अपुरं. मागायचं असेल तर आपण सगळ्या जणींनी हे मागू या, की तालुक्याच्या कॉलेजांत हा विषय नीट सुरू करा, प्रयोगशाळेसह, आणि आमच्या वेळा बघून.

मराठवाड्याला ही मुलगी हवीय

महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. आपल्याकडे ज्याच्या घरात असा आजार, तो घाटीच्या मानसोपचार विभागात येतो किंवा मग देवाच्या दारी नेला जातो. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न इतका मोठा झाला की २०१५ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करावा लागला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, शेजारणीलाही द्या. कुणी ‘आता जगण्यात राम नाही’ असं बोलू लागलं तर ते हसण्यावारी नेऊ नका, तिथं फोन लावा.

या सगळ्या ठिकाणी माणसं लागतात. आपली भाषा बोलणारी, कापसाचा भाव आणि सावकाराचा तगादा कळणारी, सासूसमोर सून का बोलत नाही हे न सांगता समजणारी. ती मोठ्या शहरातून आयात होणार नाहीत. ती आपल्याच घरात आहेत, बारावीचा निकाल हातात घेऊन बसलेली.

तेव्हा यंदा तुमच्या किंवा शेजारच्या मुलीनं ‘मानसशास्त्र’ म्हटलं, तर नाक मुरडू नका आणि घाईनं फॉर्मही भरू नका. एक दिवस काढा, तिच्याबरोबर दोन-तीन कॉलेजांत जा आणि कपाट उघडायला सांगा. प्रवेशाच्या तारखा थोड्या दिवसांच्या असतात, म्हणून हे काम निकालाच्या आधीच केलेलं बरं.